साडेतीन मिलिलिटर गेले कुठे? पाणी आणि इथेनॉलच्या एका मिश्रणाचा प्रकरण अभ्यास

२० अंश सेल्सिअस तापमानाला ५० मिलिलिटर शुद्ध पाणी आणि ५० मिलिलिटर निर्जल इथेनॉल एकत्र केले, तर १०० मिलिलिटर होत नाही. होते साधारण ९६.४. काही सांडलेले नसते, काही उडून गेलेले नसते. साडेतीन मिलिलिटरची ही तूट रसायनशास्त्र शिकणाऱ्यांना हमखास दाखवली जाते, तिचे एक ठरावीक स्पष्टीकरण दिले जाते आणि विषय तिथेच मिटतो. तो इतक्या लवकर मिटू नये असे मला मनापासून वाटते. हे एकच मिश्रण नीट तपासले तर घनता, उष्णता, श्यानता (वाहण्याला होणारा विरोध), पृष्ठताण आणि उत्कलन हे द्रवांचे गुणधर्म रेणूंच्या आपसांतल्या ओढीतून कसे घडतात, ते एकाच भांड्यात बघायला मिळते. आणि ते ठरावीक स्पष्टीकरण कुठे कमी पडते, हेही कळते.

प्रयोग आणि निरीक्षणे

रुंद चंचुपात्रात हा प्रयोग करण्यात अर्थ नाही. साडेतीन मिलिलिटर त्यात दिसतच नाहीत. एक लांब, अरुंद, बूच बसणारी आणि खुणा असलेली काचनळी घ्यावी. पिपेटने ५० मिलिलिटर पाणी आधी सोडावे. मग नळी तिरकी धरून इथेनॉल काचेच्या कडेवरून अगदी सावकाश सोडावे. इथेनॉलची घनता ०.७८९ ग्रॅम प्रति मिलिलिटर, पाण्याची ०.९९८, त्यामुळे घाई केली नाही तर इथेनॉल पाण्यावर तरंगत राहते. या क्षणी वरची पातळी १०० च्या खुणेजवळ असते. बूच लावून वजन करावे: पाणी ४९.९ ग्रॅम, इथेनॉल ३९.५ ग्रॅम, म्हणजे नळीचे वजन सोडून ८९.४ ग्रॅम. इथेनॉल ज्वालाग्राही आहे, तेव्हा आसपास ज्योत नको, हे सांगायला नकोच.

आता नळी उलटी-सुलटी करायची. पहिल्याच उलथापालथीत दोन्ही द्रवांच्या सीमेवरून पारदर्शक धागे वळवळत वर-खाली जाताना दिसतात. दोन्ही द्रवांचे अपवर्तनांक वेगळे (पाण्याचा १.३३३, इथेनॉलचा १.३६१), म्हणून अर्धवट मिसळलेल्या भागातून प्रकाश वाकडातिकडा येतो आणि हे धागे उमटतात. तेवढ्यात बारीक बुडबुडे सुटू लागतात. ही विरघळलेली हवा आहे. दोन्ही द्रव वेगवेगळे असताना त्यांनी मिळून जितकी हवा सामावून घेतली होती, तितकी त्यांच्या मिश्रणात मावत नाही. नळी हाताला कोमट लागते. तापमापी पाच ते आठ अंशांची वाढ दाखवते. नळीची काच किती उष्णता खाते यावर नेमका आकडा ठरतो.

इथे घाईघाईने पातळी वाचली तर ती ९७ च्या जवळ भरते, कारण कोमट मिश्रण प्रसरण पावलेले असते. नळी पुन्हा २० अंशांवर येऊ द्यावी आणि मग वाचावे. आता आकडा ९६.४ च्या आसपास येतो. पुन्हा वजन करावे: ८९.४ ग्रॅमच. वस्तुमानात फरक नाही, आकारमान मात्र घटलेले. चांगल्या प्रतीच्या ५० मिलिलिटर पिपेटची चूक मिलिलिटरच्या काही शतांशांपुरतीच असते, त्यामुळे तुटीचे खापर मोजणीवर फोडता येत नाही.

गोट्या आणि वाळूचा दाखला

ठरावीक स्पष्टीकरण सगळ्यांना ठाऊक आहे. एका भांड्यात गोट्या, दुसऱ्यात वाळू; दोन्ही एकत्र केले की वाळू गोट्यांमधल्या फटींत शिरते आणि बेरीज कमी भरते. इथेनॉलचे रेणू मोठे, पाण्याचे लहान, म्हणून लहान रेणू मोठ्यांच्या मधल्या जागेत बसतात. कानाला पटते, आणि म्हणूनच ते टिकून आहे.

पण हा दाखला खरा असेल तर आकारात फरक असलेले कोणतेही दोन द्रव मिसळले की आकारमान घटायला हवे. इथेनॉल आणि हेक्झेन (फक्त कार्बन-हायड्रोजनचा बनलेला एक द्रव) घ्या. इथेनॉलचा एक मोल (म्हणजे रेणूंची एक ठरावीक, प्रचंड संख्या) ५८ मिलिलिटर जागा घेतो, हेक्झेनचा १३१. आकारातला फरक दुपटीहून जास्त. तरी या दोघांना मिसळले की आकारमान घटत तर नाहीच, किंचित वाढते. शिवाय मिश्रण तापण्याऐवजी गार होते. गोट्या आणि वाळूकडे याचे उत्तर नाही.

दुसरी तपासणी तापमानाची. पाणी आणि इथेनॉल जास्त तापमानाला मिसळले, तर बाहेर पडणारी उष्णता कमी होत जाते. इथेनॉल जास्त असलेल्या मिश्रणांत तर ७० अंशांच्या आसपास गणित उलटते आणि मिसळताना उष्णता शोषली जाते. रेणूंचे आकार या तापमानांत बदललेले नसतात. बदललेली असते ती एकमेकांना धरून ठेवण्याची त्यांची क्षमता. तेव्हा चौकशी आकारापाशी थांबवून चालणार नाही.

ही जागा मुळात आली कुठून

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन इलेक्ट्रॉनांना आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्याच्या बाजूला अंशतः ऋण आणि हायड्रोजनांच्या बाजूला अंशतः धन प्रभार येतो. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, तो हायड्रोजन बंध. लॅटिमर आणि रोडबुश यांनी १९२० मध्ये ही कल्पना पाण्यासाठी मांडली. या बंधाची ताकद मोलमागे २० किलोज्यूलच्या घरात, तर रेणूच्या आतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध ४६० च्या आसपास. म्हणजे हायड्रोजन बंध दुबळाच. द्रव पाण्यात एकेक बंध पिकोसेकंदभर (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग) टिकतो, तुटतो, दुसऱ्या शेजाऱ्याशी जुळतो. पण कोणत्याही क्षणी बहुतेक रेणू तीन-चार बंधांत अडकलेले असतात. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड, तरी तो उणे ६० अंशांनाच उकळतो आणि पाण्याला १०० अंश लागतात. हा फरक या दुबळ्या बंधांच्या संख्याबळाचा आहे.

आपल्या प्रकरणासाठी ताकदीपेक्षा महत्त्वाची आहे ती दिशा. हायड्रोजन बंध वाटेल त्या दिशेने होत नाही. पाण्याचा रेणू दोन हायड्रोजन देतो आणि ऑक्सिजनवरच्या दोन इलेक्ट्रॉन-जोड्यांवर दोन बंध स्वीकारतो. या चार दिशा चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात. म्हणून पाण्याच्या रेणूभोवती जेमतेम चार-पाच जवळचे शेजारी असतात. केवळ गोल कण म्हणून रचले असते तर बारापर्यंत बसले असते आणि पाण्याची घनता आहे त्याच्या दीडपटीहून जास्त झाली असती. पाणी हा आतून मोकळा, जाळीदार द्रव आहे. ही मोकळीक बंधांची दिशा सांभाळल्यामुळे येते. बर्फात हीच शिस्त पूर्ण पाळली जाते, म्हणून बर्फाची घनता ०.९१७ इतकी कमी.

इथेनॉलच्या रेणूला दोन बाजू आहेत. एका टोकाला ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट, म्हणजे पाण्याशी बंध जोडणारी बाजू. दुसऱ्या टोकाला दोन कार्बनांचे शेपूट, ज्याला हायड्रोजन बंध करता येत नाहीत आणि जे इतरांशी फक्त लंडन बलांनी जोडलेले असते. इलेक्ट्रॉनांच्या क्षणिक हालचालीतून उद्भवणारी ही क्षीण ओढ सगळ्याच रेणूंमध्ये असते. बंध जोडणाऱ्या त्या एका गटाचे वजन किती, हे पाहायचे तर डायमिथाइल ईथरकडे बघा. अणू तेच, तितकेच, वस्तुमान तेच, फक्त ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मधे. इथेनॉल ७८ अंशांना उकळते, ईथर उणे २५ च्या आसपास. शंभर अंशांचा फरक एका हायड्रोजनच्या जागेने केला.

आता मिश्रण. थोडे इथेनॉल भरपूर पाण्यात गेले, की त्याचा बंध जोडणारा गट पाण्याच्या जाळीत सामील होतो आणि शेपूट जाळीतल्या मोकळ्या जागेत सामावते. शुद्ध इथेनॉलमध्ये एक मोल ५८ मिलिलिटर जागा घेत होता. भरपूर पाण्यात तोच ५५ च्या आसपास घेतो, आणि काही प्रमाणांत त्याहून कमी. उलट बाजूने, भरपूर इथेनॉलमध्ये एक मोल पाणी टाकले तर आकारमान १८ मिलिलिटरने वाढायला हवे. वाढते फक्त १४ ने. इथे पाण्याचा रेणू एकटा पडलेला असतो. भोवती जाळी उभी करायला त्याला दुसरे पाणी मिळत नाही, त्यामुळे जाळीबरोबर येणारी मोकळी जागाही तो सोबत आणत नाही.

म्हणजे गोट्या-वाळूच्या दाखल्यात जागेचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. खोटे आहे ते जागेचे मूळ. मोठ्या रेणूंमधल्या फटींत लहान रेणू जाऊन बसले, एवढ्यावर हे भागत नाही. लहान रेणूच हायड्रोजन बंधांमुळे स्वतःभोवती जागा राखून होते, आणि नव्या शेजाऱ्यांमुळे ती व्यवस्था मोडली. हेक्झेनच्या बाबतीत उलटे घडते. इथेनॉलच्या आपसांतल्या बंधांच्या साखळ्या हेक्झेन तोडतो आणि बदल्यात तितकी घट्ट ओढ देऊ शकत नाही. म्हणून उष्णता शोषली जाते आणि रेणू जरा दूर सरकतात. हायड्रोजन बंधांचा हिशोब दोन्ही मिश्रणांना लागू पडतो, आकारांचा पडत नाही.

त्याच नळीतले बाकीचे गुणधर्म

श्यानतेपासून सुरुवात करतो, कारण ती सर्वांत जास्त चकित करते. २० अंशांना पाण्याची श्यानता १.० मिलिपास्कल-सेकंद, इथेनॉलची १.२. मिश्रणाची यांच्या मधे कुठेतरी असावी असे वाटते. प्रत्यक्षात ती २.८ च्या आसपास, म्हणजे दोन्ही घटकांच्या दुपटीहून जास्त भरते. द्रव वाहतो तेव्हा रेणूंना एकमेकांवरून सरकावे लागते, त्यासाठी बंध सोडून नवे जोडावे लागतात. शुद्ध पाण्यात हे पटकन होते, कारण प्रत्येक रेणूजवळ बंध बदलायला तयार असलेला दुसरा रेणू असतोच. मिश्रणात मधे शेपटे आलेली असतात. वळायला वाव कमी, जवळ पर्यायी जोडीदार कमी, म्हणून जुना बंध सोडणे अवघड. बारीक नळीच्या श्यानतामापीतून पाणी, इथेनॉल आणि मिश्रण लागोपाठ सोडून पाहिले तर मिश्रण रेंगाळते ते नुसत्या डोळ्यांना कळते.

पृष्ठताणात बेरजेचे गणित दुसऱ्या दिशेने चुकते. पाण्याचा पृष्ठताण ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर, इथेनॉलचा २२ च्या थोडा वर. सरासरी ४७ आली असती. आपल्या मिश्रणाचा मात्र २९ च्या जवळ असतो. निम्मे पाणी असूनही पृष्ठभाग जवळजवळ इथेनॉलचाच झालेला असतो. कारण सरळ आहे: पृष्ठभागावरच्या पाण्याच्या रेणूचे काही बंध रिकामे राहतात, ते ऊर्जेच्या दृष्टीने महाग पडते. इथेनॉलचा रेणू तिथे आला तर बंध जोडणारा गट आत आणि शेपूट बाहेर हवेकडे, अशी सोय होते. म्हणून इथेनॉल पृष्ठभागी गर्दी करते. नळीच्या भिंतीवर वर चढलेल्या पातळ थरातून इथेनॉल आधी उडून जाते, तिथला पृष्ठताण वाढतो, खालचा द्रव वर ओढला जातो आणि थेंब होऊन ओघळतो. जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्ये याचे योग्य कारण सांगितले होते. पुढे या परिणामाला मारांगोनी यांचे नाव मिळाले.

घनतेचा एक पडताळा बर्फाने करता येतो. बुडबुडे नसलेला स्वच्छ बर्फाचा तुकडा पाण्यात तरंगतो, शुद्ध इथेनॉलमध्ये तळाशी जातो. आपल्या मिश्रणाची घनता आहे ०.९२६ च्या जवळपास, बर्फाची ०.९१७. त्यामुळे तुकडा तरंगतो खरा, पण जेमतेम. जवळजवळ सगळा द्रवात, वर नावापुरती कड. इथेनॉलचे प्रमाण वजनाने निम्म्यापर्यंत नेले की मिश्रणाची घनता ०.९१४ वर उतरते आणि २० अंशांच्या मिश्रणात तोच तुकडा बुडतो. बर्फ वितळू लागण्याआधी पटकन बघावे लागते.

बाष्पीभवनात एक गैरसमज नेहमी भेटतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला २२५७ ज्यूल लागतात, एक ग्रॅम इथेनॉलला ८४० च्या आसपास. यावरून पाण्याचा प्रत्येक रेणू पावणेतीनपट घट्ट बांधलेला आहे असे समजले जाते. पण मोलमागे पाहिले तर पाण्याला ४०.७ किलोज्यूल आणि इथेनॉलला ३८.६. रेणूमागे फरक अगदी थोडा! इथेनॉलकडे हायड्रोजन बंध कमी असले तरी शेपटांमधली लंडन बले ती उणीव बरीचशी भरून काढतात. ग्रॅममागचा मोठा फरक येतो तो एका ग्रॅममध्ये पाण्याचे रेणू अडीचपट जास्त असतात म्हणून.

उत्कलनाची गोष्ट सर्वांत अवघड, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मिसळताना उष्णता बाहेर पडली, म्हणजे रेणू मिश्रणात जास्त समाधानी असायला हवेत आणि बाहेर निसटायची त्यांची ओढ कमी व्हायला हवी. मोजले तर वाफेचा दाब आदर्श, म्हणजे नुसत्या घटकांच्या प्रमाणावरून काढलेल्या, अपेक्षेपेक्षा जास्त निघतो. इतका की वजनाने ९५.६ टक्के इथेनॉल असलेले मिश्रण ७८.२ अंशांना, म्हणजे शुद्ध इथेनॉलच्याही किंचित आधी उकळते. यालाच ॲझिओट्रोप म्हणतात, आणि यामुळेच साध्या ऊर्ध्वपातनाने पाण्यापासून शंभर टक्के इथेनॉल वेगळे होत नाही. हा विरोधाभास फक्त बंधांची ऊर्जा मोजून सुटत नाही. शेपटांच्या आसपासच्या पाण्याला आपले बंध टिकवण्यासाठी मोजक्याच पद्धतींनी वळता येते. त्याचे स्वातंत्र्य, म्हणजेच एन्ट्रॉपी, घटते. मिश्रण ऊर्जेत कमावते आणि एन्ट्रॉपीत गमावते, आणि निसटण्याची प्रवृत्ती दोन्हींच्या हिशोबावर ठरते. २००२ मध्ये मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणावर न्यूट्रॉन विवर्तनाने (रेणूंची मांडणी शोधण्याच्या एका पद्धतीने) झालेल्या अभ्यासात तर रेणूंच्या पातळीवर दोन्ही पूर्ण मिसळतच नाहीत असे दिसले. शेपटे शेपटांजवळ गोळा होतात आणि पाणी आपले छोटे पुंजके राखून ठेवते. डोळ्यांना एकसंध दिसणारा द्रव आत तसा नसतो.

मेंडेलीव्ह यांचे उत्तर

दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६५ मध्ये डॉक्टरेटसाठी सादर केलेला प्रबंध याच विषयावर होता, आवर्तसारणीच्या चार वर्षे आधी. आकुंचन सर्वांत जास्त कुठे होते हे त्यांनी काळजीपूर्वक मोजले. वजनाने ४६ टक्के इथेनॉलजवळ ते होते, आणि तेच प्रमाण इथेनॉलच्या एका रेणूमागे पाण्याचे तीन असे येते. त्यांनी यातून निष्कर्ष काढला की तिथे एक निश्चित संयुग तयार होत असावे. आपले अर्धे-अर्धे मिश्रण वजनाने ४४ टक्के आहे, म्हणजे त्या बिंदूच्या अगदी शेजारी. तूट एवढी ठळक दिसते ती म्हणूनच.

संयुगाची कल्पना टिकली नाही. पिकोसेकंदात तुटणाऱ्या-जुळणाऱ्या बंधांना निश्चित संयुग म्हणता येत नाही. पण त्या काळी हायड्रोजन बंध ठाऊक नव्हता, रेणूंमधली ओढ हिशोबात घेणारा व्हॅन डर वाल्स यांचा प्रबंधही १८७३ चा. तरीसुद्धा आकुंचनामागे रेणूंची परस्पर ओढ आहे हे मेंडेलीव्ह यांनी ओळखले होते. गोट्या आणि वाळूपेक्षा त्यांचे चुकीचे उत्तर सत्याच्या जास्त जवळ होते, असे मी म्हणेन.

मापात याचा हिशोब

ही तूट व्यवहारात जुनीच ओळखीची आहे. इथेनॉलवरच्या करासाठी घनता आणि प्रमाण यांची कोष्टके १७९० च्या दशकात ब्लॅग्डेन आणि गिल्पिन यांनी तयार केली, आणि १८२४ मध्ये गे-ल्युसॅक यांचे अल्कोहोलमापी आले. बेरजेने उत्तर मिळत नव्हते, म्हणून प्रत्येक प्रमाणाला प्रत्यक्ष मोजावे लागले.

आजही आकारमानाने ७० टक्के इथेनॉल तयार करताना ७० मिलिलिटर इथेनॉलमध्ये ३० मिलिलिटर पाणी ओतले तर १०० मिलिलिटर होत नाही आणि द्रावण ७२ टक्क्यांच्या पुढे जाते. १०० च्या खुणेपर्यंत पोचायला पाणी ३३ मिलिलिटरच्या वर लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हात-निर्जंतुकाच्या कृतीत म्हणूनच ९६ टक्के इथेनॉल ८३३३ मिलिलिटर, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड ४१७ मिलिलिटर आणि ग्लिसरॉल १४५ मिलिलिटर असे आकडे दिलेले असतात, पण पाण्याचा आकडा दिलेला नसतो. पाणी १० लिटरच्या खुणेपर्यंत भरायचे, एवढीच सूचना असते. प्रयोगशाळेत द्रावण करणाऱ्याने हीच पद्धत ठेवावी, आणि खुणेपर्यंतचे शेवटचे पाणी मिश्रण गार झाल्यावरच घालावे.